वाजतोय की!

मराठी माणसाच्या घरात पियानो असणं ही गोष्ट मुळातच संशयास्पद असते. पेटी असली तर लोक समजून घेतात. आजोबा भजनाला बसत असतील. तंबोरा असला तर आत्याबाई गात असतील. सतार असली तर लग्नाआधी कोणीतरी शिकत असेल आणि लग्नानंतर सतार गवसणीत आणि शिकणारी स्वयंपाकघरात गेली असेल. पण पियानो? "तुमच्याकडे कोणी सिनेमात होतं का हो?" असं आमच्या इमारतीतल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला जिन्यात थांबवून, आवाज खाली आणून विचारलं होतं. जणू काही आमच्या घराण्यात कोणी तुरुंगात जाऊन आलं होतं.

त्यांचा दोष नाही. आपल्याला पियानो भेटला तो हिंदी सिनेमात. १९४९ सालच्या 'अंदाज'मध्ये दिलीपकुमार पियानोवर बसला आणि तेव्हापासून पुढची पंचवीस-तीस वर्षं, नायिकेचं लग्न दुसऱ्याशी ठरलं की नायक पियानो शोधायला लागला. १९६८ च्या 'ब्रह्मचारी'त शम्मी कपूरसुद्धा त्याच वाटेने गेला. या सगळ्या सिनेमांत पियानो चकचकीत असतो, त्याच्यावर फुलदाणी असते, पार्टीतले पाहुणे हातात पेले घेऊन भोवती उभे असतात. नोकर असतात, ड्रायव्हर असतो, फॅमिली डॉक्टर असतो. नसतो फक्त एक माणूस. तो पियानो सुरात लावणारा! त्या बंगल्यात काळी बॅग घेऊन कोणी शिरलाच तर तो इंजेक्शन द्यायला आलेला असतो.

त्यामुळे आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गाची अशी ठाम समजूत झाली आहे की, पियानो हा एकदा घेतला की झालं. कपाटासारखा. आणि माझं भांडण नेमकं या समजुतीशी आहे. हे भांडण मी गेली काही वर्षं अनेक दिवाणखान्यांत, पोह्यांच्या बशा हातात धरून केलेलं आहे. प्रत्येक ठिकाणी समोरच्याने शेवटी तेच दोन शब्द माझ्या तोंडावर फेकलेले आहेत : "वाजतोय की!"

वाजतोय हे मलाही दिसतं. पत्र्याचा डबासुद्धा वाजतो.

आधी आमची कथा थोडक्यात सांगतो, म्हणजे मी कोणत्या अधिकाराने बोलतो आहे ते कळेल. आमच्याकडचा उभा पियानो भायखळ्याच्या एका कुटुंबाने कॅनडाला जाताना आम्हाला विकला. मुलीला शिकायचं होतं. सहा हमालांनी तो दादरच्या तिसऱ्या मजल्यावर चढवला. चढवताना त्यांनी पियानोबद्दल, त्याच्या कर्त्याबद्दल आणि माझ्याबद्दल जे काही उद्गार काढले ते छापता येणार नाहीत. पण विकणाऱ्या बाईंनी जाताना किल्लीबरोबर एक कागद हातात दिला होता. त्यावर त्यांच्या ट्यूनरचा फोन नंबर होता आणि खाली लिहिलं होतं : 'वर्षातून दोनदा. घासाघीस करू नये.' आम्ही दोन्ही सूचना आजवर पाळल्या. मुलीच्या बाईंकडे शिकायला येणाऱ्या मुलांच्या घरी मात्र जाणंयेणं होऊ लागलं तेव्हा लक्षात आलं की, असा कागद फारच थोड्यांना मिळालेला आहे.

या घरांत बाकी सगळ्याची निगा असते, बरं का. एसीचा वार्षिक करार असतो. पाण्याच्या फिल्टरचा माणूस दर तीन महिन्यांनी येतो आणि आला नाही तर त्याच्या साहेबाला फोन जातो. गाडीचं सर्व्हिसिंग चार दिवस लांबलं तर गृहस्थांना रात्री झोप येत नाही. कुत्र्याची नखं कापायला माणूस घरी येतो. पियानोने मात्र एकदा घरात आलं की, चांगले संस्कार झालेल्या मुलासारखं आपलं आपण सुरात राहायचं!

एकदा या लोकांना पियानोचं पोट उघडून दाखवलं पाहिजे. बाहेरून दिसतात त्या ८८ पट्ट्या. आत साधारण सव्वादोनशे पोलादी तारा असतात. कारण वरच्या आणि मधल्या सुरांना प्रत्येकी तीन तारा, खालच्यांना दोन आणि अगदी खर्जात तांब्याचं वेष्टण असलेली एकेक जाडजूड तार. यातली प्रत्येक तार सत्तर-ऐंशी किलोच्या ताणाने ओढलेली असते. म्हणजे सगळ्या मिळून सोळा-अठरा टनांच्या घरात गेल्या. आपला हत्ती चार टनांचा धरा. तुमच्या दिवाणखान्यात, टीव्हीच्या शेजारी, चार हत्ती अहोरात्र एकमेकांना ओढत उभे आहेत आणि त्यांच्या पाठीवर तुम्ही क्रोशाचा रुमाल पसरून मुंजीचा फोटो ठेवला आहे. आणि वर म्हणता, याला काय होतंय!

बरं, हे हत्ती बांधले आहेत कशाला? तारांचा ताण पेलायला ओतीव लोखंडाची चौकट असते हे खरं. पण प्रत्येक तारेची खुंटी ठोकलेली असते ती लाकडात. ती नुसत्या घट्टपणावर तग धरून असते. आणि आवाज येतो तो तारांमागच्या तबलीतून. तंबोऱ्याला तबली असते तशीच ही, फक्त पलंगाएवढी. स्प्रूस नावाच्या हलक्या लाकडाची, जेमतेम सेंटीमीटरभर जाड, किंचित फुगीर. तारा घोडीवरून जातात आणि घोडी या तबलीवर बसलेली असते. आता लाकडाचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. जूनमध्ये तुमच्या बाथरूमचं दार लागत नाही. खांदा लावून, लाथ मारून ते लावावं लागतं. कपाटाचा खण अडकतो. मे महिन्यात हेच दार आपलं आपण उघडतं. जे लाकूड बाथरूमच्या दारात फुगतं ते पियानोत गेल्यावर योगी होऊन बसेल का? पावसाळ्यात मुंबईच्या हवेतली आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांवर जाते. पियानोला हवी असते चाळीस-पन्नासच्या आसपास. तबली पाणी पिते, फुगते, घोडीला वर रेटते, तारा ताणल्या जातात आणि सूर चढतात. हिवाळ्यात ती सुकते, बसते, सूर उतरतात.

सगळे सूर एकदम, सारखे चढले-उतरले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण ते महागाईसारखे चढतात. मधलेच जास्त पोळतात. मधल्या सप्तकातले चढतात, टोकाचे मागे राहतात. आणि एकाच सुराच्या तीन तारांत थोडा जरी फरक पडला की त्या एकमेकींशी भांडायला लागतात आणि 'वाँव-वाँव' असा एक डोल ऐकू येतो. तीन जावा एकाच वेळी एकच गोष्ट सांगायला लागल्या की जसं होतं तसं. मुद्दा एकच, शब्द जवळजवळ तेच, पण ऐकवत नाही.

यावर एक हुकमी उत्तर येतं. "अहो, पण आमच्याकडे कोणी वाजवतच नाही. मग बिघडेल कसा?" असं म्हणणारी माणसं बँकेत अधिकारी आहेत, एक तर इंजिनिअर आहे. लोणचं कोणी खाल्लं नाही म्हणून त्याला बुरशी येत नाही का? उलट, न वाजवलेल्या पियानोत कसर निवांत संसार थाटते. हातोड्यांच्या टोकांवर लोकरीचा जाड नमदा असतो आणि कसरीला लोकर म्हणजे केळवण. उंदरांना तर आतली जागा फ्लॅटपेक्षा पसंत पडते. लाकडी भिंती, उबदार नमद्याचे तुकडे, भाडं नाही. एका घरी "वरचे चार सूर दबत नाहीत हो" म्हणून ट्यूनर आला आणि त्याने झाकण उघडलं तर आत बाळंतपण झालेलं होतं.

मुंबईच्या जुन्या पियानोवाल्यांनी या दमटपणावर एक गावठी पण अक्सीर उपाय शोधून काढला होता. पियानोच्या पोटात, खालच्या फळीमागे, पंचवीस किंवा चाळीस वॅटचा पिवळा दिवा लावून ठेवायचा. जूनमध्ये लावायचा, ऑक्टोबरात विझवायचा. दिवा अर्थातच उजेडासाठी नव्हे, उबेसाठी. पियानो अंड्यावर बसल्यासारखा चार महिने उबेत राहायचा. आमच्या पियानोतही तो होता. रात्री खालच्या फटीतून मंद उजेड यायचा आणि पाहुणे विचारायचे, "आत देव ठेवलेत का?" मध्यंतरी ओळखीतल्या एका हौशी गृहस्थांनी हा उपाय ऐकला आणि विजेची बचत म्हणून पियानोत एलईडी लावला. एलईडीचं वैशिष्ट्यच हे की तो फारसा तापत नाही! चार महिने त्यांच्या पियानोच्या पोटात लख्ख प्रकाश होता आणि त्या प्रकाशात त्यांच्या तारा गंजत होत्या. आता पिवळे दिवे मिळणंही अवघड झालंय. त्याऐवजी आर्द्रता मोजून आपोआप चालू-बंद होणाऱ्या तापकांड्या मिळतात. दिवा असो, कांडी असो. ट्यूनरला विचारून, लाकडापासून लांब लावायची. पुण्या-नागपूरकडच्यांनी उन्हाळ्यात ती चुकूनही चालू ठेवायची नाही. तिकडे एप्रिलात हवाच तबली तडकवायला समर्थ असते.

आता आपल्या संगीतप्रेमी मंडळींकडे वळतो. त्यांचा युक्तिवाद निराळा. "आमची पेटी वीस वर्षांत एकदा उघडली नाही. हे साहेबाचं वाद्यच नाजूक." पेटीचे सूर पितळी पात्यांचे. पातं घासून एकदा सुरात आणलं की पुष्कळ वर्षं तिथे राहतं. ते ओढलेलं नसतंच मुळी. पेटीची पियानोशी तुलना करणं म्हणजे वरणभाताची साबुदाणावड्याशी करणं. तुलना करायचीच तर तंबोऱ्याशी करा. मैफलीत बुवा येतात, बसतात आणि तंबोरे जुळवायला घेतात. पाच मिनिटं जातात, दहा जातात, पंधरा जातात. आपण माना डोलावतो. शेजारच्याला हळूच सांगतो, "बघा, नुसत्या तंबोऱ्यातच गांधार बोलायला लागला." किती तारा असतात त्याला? चार! चार तारांना पंधरा मिनिटं दिली तर ती साधना आणि सव्वादोनशे तारांना दोन तास लागले तर "हा माणूस वेळ काढतोय"! हा कोणता न्याय?

आणि चार तारा जुळवणं व पियानो लावणं यांत आणखी एक मेख आहे. ती कळली तेव्हापासून मी आमच्या ट्यूनरकडे आदराने पाहतो. सा लावला. त्याचा प लावला, अगदी शुद्ध. त्या प-ला सा मानून त्याचा प. असं बारा वेळा केलं की हिशेबाप्रमाणे सात सप्तकं वर बरोबर मूळ सा-वर यायला हवं. येत नाही! अर्ध्या सुराचा साधारण चौथा हिस्सा पुढे जातो. ही निसर्गाची चूक आहे, ट्यूनरची नव्हे. आता हा उरलेला चतकोर टाकायचा कुठे? एकाच ठिकाणी टाकला तर तो सूर लांडग्यासारखा ओरडतो. म्हणून ट्यूनर काय करतो, तर वडिलोपार्जित कर्जासारखा तो बारा भावांत सारखा वाटून टाकतो. प्रत्येक पंचम जाणूनबुजून केसभर उतरता ठेवतो. कोणीच पूर्ण शुद्ध नाही, पण कोणाचीच तक्रार नाही. एकत्र कुटुंबात सुखाने राहण्याची जी युक्ती आपल्या आज्यांना ठाऊक होती, ती हा माणूस नुसत्या कानाने, ते डोल मोजत, प्रत्येक घरी जाऊन अमलात आणतो.

आपल्या गवयांना ही वाटणी मानवत नाही, हे मला मान्य आहे. या पद्धतीत गांधार शुद्ध गांधारापेक्षा चांगलाच चढा राहतो. शिवाय मींड नाही. याच धर्तीच्या आक्षेपांवरून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली होती आणि ती १९७१ साली थोडीफार सैल होईपर्यंत पेटीवाल्यांनी वनवास भोगला. पण म्हणून कोणी असं म्हणू नये की, "तसाही हा बेसूरच ना, मग आणखी थोडा झाला तर काय बिघडलं?" हे वाक्य मी प्रत्यक्ष ऐकलेलं आहे आणि म्हणणारे गृहस्थ शास्त्रीय संगीताच्या मंडळाचे चिटणीस आहेत. सोसायटीत सगळ्यांनी समान वर्गणी द्यायची असं ठरलं आहे, म्हणून कोणीच दिली नाही तर काय बिघडलं, असं ते सोसायटीच्या सभेत म्हणतील का?

मग येतो भाचा. प्रत्येक घरात एक भाचा असतो. "मामा, दोन हजार-तीन हजार कसले देता? फोनवर ॲप आहे." ॲप आहे, खरंच आहे. चांगले ट्यूनरसुद्धा हल्ली यंत्राची मदत घेतात. ए हा सूर सेकंदाला ४४० कंपनांचा, हे १९३९ साली लंडनला आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरलं, आणि तो आकडा फोन बिनचूक दाखवतो. पण फोन खुंटी पिळत नाही. खुंटी पिळायची असते ती अंशाच्याही अंशाने, आणि नुसती पिळून भागत नाही. लाकडात ती अशी बसवावी लागते की दुसऱ्या दिवशी कोणी जोरात वाजवलं तरी मागे फिरू नये. ते मनगटात असतं, फोनमध्ये नसतं. भाच्याच्या हातात गाडीचा पाना असतो. खुंटीचं डोकं चौकोनी, पाना षट्‌कोनी. एका दुपारी एका भाच्याने अकरा खुंट्यांची डोकी गोल केली, एक तार तोडली (ती कपाळाला लागून भाच्याला दोन टाके पडले), आणि खुंट्या घट्ट वाटतात म्हणून शिवणयंत्राचं तेल सोडलं! आता खुंटी जी धरून असते ती लाकडाच्या कोरड्या घट्टपणाने. तिथे तेल गेलं की खुंटीला धर्म उरत नाही. मामांना पुढे त्यासाठी जो खर्च आला त्यात भाच्याचं एक सेमिस्टर निघालं असतं.

पैशांचा विषय निघालाच आहे तर बोलून टाकतो. ट्यूनर एका वेळचे जे घेतो त्यात चौघं जण बऱ्यापैकी हॉटेलात एकदा जेवू शकतात. तेवढेच. तेही वर्षातून दोनदा. हॉटेलात आपण बिलाकडे बघत नाही, वर बडीशेपेच्या वाटीत टिप ठेवतो. ट्यूनर आला की मात्र आपल्यातला मंडईतला माणूस जागा होतो. "मागच्या वेळी कमी होते." "दोनच तास तर बसलात." "तारा कुठे नव्या घातल्या?" अहो, दोन तास बसायला त्याने किती वर्षं घातली आहेत! कान तयार व्हायला, मनगट बसायला वर्षंच लागतात. कामाच्या दिवशी खांद्यावर अवजारांची बॅग, लोकलची गर्दी, लिफ्ट बंद. मग गुडघे टेकून पियानोच्या पोटात डोकं. १७११ साली जॉन शोअर नावाच्या तुतारीवाल्याने शोधलेला तो दोन पायांचा चिमटा गुडघ्यावर आपटून कानाशी धरायचा, मधल्या सप्तकाच्या बाजूच्या तारा नमद्याच्या पट्टीने गप्प करायच्या, एकेक तार बोलती करायची, मग रबराची पाचर सरकवत सरकवत तिन्ही तारा एकीवर आणायच्या. आणि हे सगळं करताना स्वयंपाकघरातून मिक्सर!

आमचे ट्यूनर सत्तरीला आलेत. त्यांच्या मुलाने हे काम घेतलं नाही. तो दुबईला असतो. "कोणी शिकायला येतं का?" असं मी विचारलं तर ते म्हणाले, "येतात. महिनाभर येतात. मग विचारतात, महिन्याला किती मिळतील? मी खरं सांगतो. मग येत नाहीत." आपण 'वाजतोय की' म्हणून दर वर्षी जे पैसे वाचवतो ते हे असे वाचलेले आहेत. दहा घरांनी पियानो लावून घेतला नाही की एका ट्यूनरचा आठवडा रिकामा जातो. आठवडे रिकामे गेले की मुलगा दुबईला जातो. मग एक दिवस खरोखरच सूर बिघडल्याचा साक्षात्कार झालेला गृहस्थ मला फोन करून विचारतो, "अहो, हल्ली चांगला माणूसच मिळत नाही. कुठे गेले हो हे लोक?"

पण माझा खरा राग याच्याही पलीकडचा आहे. आमच्या मुलीबरोबर शिकायला एक मुलगी यायची. आठ-नऊ वर्षांची, बोटं सुरेख, अभ्यासाला कधी कंटाळा नाही. घरी आजोबांच्या वेळचा पियानो होता, शिसवी, पितळी मेणबत्तीदाण्यांचा. घरच्यांना त्याचा अभिमान मोठा. तो शेवटचा कधी लावला होता हे कोणालाच आठवत नव्हतं. तो जवळजवळ अर्धा सूर उतरलेला होता, आणि सरळ उतरलेला नव्हे, वाकडातिकडा. पोर आठवडाभर त्याच्यावर घासायची आणि शनिवारी बाईंकडे येऊन सुरातल्या पियानोवर बसली की गोंधळायची. ऐकून सूर ओळखायला सांगितला की हमखास शेजारचा सांगायची. तिचा कान चुकत नव्हता. तिचा कान घरी शिकवलेलं इमानाने सांगत होता! बाईंनी दोनदा निरोप पाठवला, पियानो लावून घ्या. उत्तर आलं, "लहान आहे अजून. आधी नीट शिकू दे, मग बघू." पुढे घरच्यांनी ठरवलं की हिला कान नाही. तिला चित्रकलेच्या क्लासला घातलं. आठ वर्षांच्या मुलीला तुझ्यात सूर नाही असं एकदा सांगितलं की ते ती आयुष्यभर मानते. शाळेच्या प्रार्थनेतसुद्धा नुसते ओठ हलवते. ती आता कॉलेजात आहे. मागे एकदा भेटली तेव्हा हसत म्हणाली, "काका, आमच्या घरी कोणालाच गाणं नाही." तो पियानो अजून तिथेच आहे. त्याच्यावर आता तिच्या चित्रांच्या फ्रेम ठेवल्या आहेत.

पहाडी मुलखात काटा चुकलेल्या वजनावर कोणी भाजी घेणार नाही. पण मुलाचा कान आपण बिनदिक्कत खोट्या मापावर चढवतो.

ज्याला वर्षातून दोनदा ट्यूनर परवडत नाही, किंवा परवडतो पण जिवावर येतं, त्याने खुशाल विजेवरचा पियानो घ्यावा. त्याला मी नावं ठेवणार नाही. त्याला तारा नाहीत, तबली नाही, कसर नाही. तो जूनमध्येही तोच आणि मेमध्येही तोच. वजनदार पट्ट्यांचा बऱ्यापैकी घेतला तर मूल त्याच्यावर उत्तम शिकतं. कानाला हेडफोन लावला की शेजारीही दुवा देतात. बेसूर खऱ्या पियानोपेक्षा सुरातला खोटा पियानो कधीही बरा. पण "आमच्याकडे खरा आहे" हे मिरवायचं आणि त्याला उपाशी ठेवायचं, हे चालायचं नाही. नको असेल तर विका. दहा-वीस वर्षं न लावलेला असेल तर तेही वेळेवर करा, कारण असा पियानो एका बैठकीत वर येत नाही. एका टोकाने ताण वाढवत गेलं की दुसऱ्या टोकाचे सूर खाली बसतात. म्हणून तो एकदा ढोबळ वर ओढायचा, लगेच पुन्हा बारकाईने लावायचा आणि काही आठवड्यांनी परत बघायचा. जुन्या तारा या ओढाताणीत तुटतातही. तेव्हा "एवढे पैसे घेतले आणि वर तार तोडली" असं ट्यूनरला म्हणू नका. ती तुम्हीच, दहा वर्षांत, हप्त्याहप्त्याने तोडलेली असते.

ज्यांना ठेवायचा आहे त्यांनी ट्यूनरला फोन करावा. मुंबईकरांनी दसरा-दिवाळीच्या सुमाराला, पाऊस जाऊन हवा जरा स्थिरावली की एकदा आणि पाऊस सुरू व्हायच्या पुरेसा आधी एकदा. पियानो पावसाच्या तोंडच्या भिंतीला टेकलेला असेल तर आतल्या भिंतीकडे घ्यावा. एसीच्या झोताखाली असेल तर तिथूनही हलवावा. थंडीने तितकं नुकसान होत नाही जितकं रात्री चालू आणि दिवसा बंद याने होतं. आणि तो यायच्या आधी वरची फुलदाणी, मुंजीचा फोटो, विजेची बिलं आणि गेल्या वर्षीचं दिनदर्शिका-पंचांग उचलून ठेवावं. ते उचलायला लावण्यात त्याची पंधरा मिनिटं जातात.

तो काम करत असताना पंखा बंद. टीव्ही बंद. "काका, हे वाजवून दाखवा ना" म्हणणारं मूल शेजारी पाठवावं. कुकर त्याच्या आधी लावून घ्यावा किंवा नंतर. कारण ऐन वरच्या सप्तकात तिसरी शिट्टी झाली की तो बिचारा पाना खाली ठेवून शांतपणे भिंतीकडे बघत बसतो. आमच्याकडे त्या दिवशी दोन तास कुजबुजत बोलतात. जिन्यातल्या त्या ज्येष्ठ गृहस्थांनी तर एकदा दार ढकलून, आमच्याकडे कोणाचं काही बरंवाईट तर झालं नाही ना, अशी चौकशी केली होती.

चहा काम संपल्यावर द्यावा. कप टीपॉयवर ठेवावा.